बंपरवरचा पातळ हात

एक काळ असा होता की आमच्या घरात जिथे हात घालावा तिथे बाटली लागायची. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी, देव्हाऱ्याच्या फळीखाली खोकी, आणि प्रत्येक खोक्यात दुधासारख्या पांढऱ्या लिक्विडच्या बाटल्या. मोटारीच्या बाहेरच्या काळ्या प्लास्टिकला लावायचं होतं ते. बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या टोप्या, वायपरखालची जाळी, असं जे जे काळं प्लास्टिक भोपाळच्या उन्हात राखेच्या रंगाचं होतं, त्याला हे लावलं की ते पुन्हा काळंभोर दिसणार आणि पुढच्या उन्हातही टिकणार, असं बाटलीवर छापलेलं होतं. वास रॉकेल आणि अति पिकलेलं केळं यांच्या मधला. तो पोळ्यांना यायचा, गाद्यांना यायचा, माझ्या वह्यांना यायचा. माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं एकदा विचारलं होतं की तुझ्या दप्तरात काही सांडलंय का. मी हो म्हटलं. हल्ली बहुतेक गाड्या बंपरसकट एका रंगाच्या येतात, पण अजूनही एखाद्या पार्किंगमध्ये तो वास आला की मी भराभर पुढे निघून जाते. पंचावन्नी उलटली तरी.

त्या बाटल्या घरात आल्या त्या अण्णांचं काम गेल्यामुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्याच्या रंगखात्यात ते मुख्य कारागीर होते. पंख्यांची पाती, पत्र्याच्या पेट्या, जे येईल त्यावर फवाऱ्यानं रंग मारायचे. त्यांच्या नखांच्या कडा कायम कुठल्यातरी रंगाच्या असायच्या आणि त्यावरून मी लहानपणी ओळखायचे की आज कारखान्यात काय चाललंय. एका सोमवारी ते डबा घेऊन गेले आणि तासाभरात तसेच परत आले. फाटकाला कुलूप होतं. दुपारी आईनं तोच डबा उघडून त्यांच्या ताटात वाढला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली जेवणं मुक्यानं व्हायला लागली.

आम्ही पिपलानीच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. जवळच्या मोठ्या कारखान्याचा भोंगा आमच्या घरात स्वच्छ ऐकू यायचा. आईचा घड्याळापेक्षा त्या भोंग्यावर विश्वास. पहिल्या भोंग्याला तिचे पोहे फोडणीला पडायचे, दुसरा वाजेपर्यंत वरून शेव भुरभुरून बशा समोर यायच्या, आणि मग रस्त्यावरून स्कूटरींची जी रांग लागायची ती पाच-सात मिनिटं तुटायची नाही. अण्णाही पूर्वी त्याच वेळेला, त्याच लोंढ्यातून सायकल काढत निघायचे. काम गेल्यावर ते भोंगा वाजला की उठून खिडकी लावून घ्यायला लागले. पोह्यात मीठ कमी, वरणाला हिंग जास्त, माझं वाचणं मोठ्यानं, आईचं भांडी ठेवणं मोठ्यानं. घरात आम्ही तीनच माणसं, त्यातल्या दोघींनी पावलंसुद्धा बेतानं टाकायची असं ठरून गेलं. आई उज्जैनची. मॅट्रिक झालेली, बोलणं मुळात कमी. त्या वर्षात ते आणखी कमी झालं.

ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं अण्णांना ते लिक्विड विकायला दिलं. रंगातला माणूस आहे, याला प्लास्टिक काय आणि पत्रा काय, असं त्याला वाटलं असणार. अण्णांनाही तसंच वाटलं. गॅरेजं, सीटकव्हरची दुकानं, ओळखीचे गाडीवाले, सगळीकडे ते पिशवी घेऊन हिंडले आणि सगळ्यांना स्वतः लावून दाखवलं. त्यांची पद्धत त्यांच्या धंद्यातली होती. भर दुपारी, उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंपरवर बाटली उलटी धरायची, भरपूर ओतायचं, फडक्यानं पसरायचं. लावल्या लावल्या बंपर आरशासारखा चमकायचा आणि अण्णा मागे सरकून अभिमानानं बघायचे. दुसऱ्या दिवशी त्याच बंपरवर ओघळ उमटलेले असायचे. कुठे तेलकट काळं, कुठे राखाडी, फडकं जिथे उचललं तिथे चट्टा, आणि धूळ बसून बसून त्याची झालेली लापशी. गाडी पांढरी असली तर दारांच्या पट्टीखाली काळपट पाणी उतरलेलं. बाटल्या परत यायला लागल्या. दुकानदार म्हणायचे, तांबेजी, आपका माल धारियाँ छोड़ता है. अण्णा घरी येऊन म्हणायचे की लोकांना अक्कल नाही, वापरता येत नाही.

आमच्याच अंगणासमोर सक्सेना राहायचे. मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि आमच्या ओळीतली एकमेव मोटार त्यांची, पांढरी. अण्णांनी तिच्यावरही हात फिरवला होता. सक्सेनासाहेब भले, त्यांनी तक्रार केली नाही. पण त्यांची ती ओघळलेली गाडी रोज आईच्या ओट्यावरून दिसायची. आईला त्याची लाज वाटायची. एका दुपारी, अण्णा बाहेर गेलेले असताना, तिनं सक्सेनाभाभींना विचारलं, मी हे जरा पुसून देऊ का. भाभींनी हो म्हटलं, आणि माझी आई, जिला त्या दिवसापर्यंत मोटारीत बसायचीही फारशी वेळ आली नव्हती, बादली घेऊन बंपरसमोर उकिडवी बसली.

पहिल्या दिवशी ते निघालंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं साबणाचं कोमट पाणी केलं आणि माझा जुना दातांचा ब्रश घेतला. प्लास्टिकच्या बारीक रवाळ खाचांमध्ये जुन्या पॉलिशची पांढरी भुकटी अडकलेली असते, वरवर पुसून ती जात नाही, आणि ती तशीच ठेवून वर लिक्विड लावलं की तिथे चट्टा धरतो, हे तिच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी तिनं धुतलेलं प्लास्टिक पुरतं वाळू दिलं, कारण फटींतून थेंब सरकला की ओघळ तिथूनच सुरू होतो. सक्सेनाभाभींना सांगून गाडी भिंतीच्या सावलीत घ्यायला लावली. ऊन लागलेल्या बंपरवर लिक्विड पसरायच्या आधीच सुकतं, म्हणून ती आधी हाताची मागची बाजू लावून बघायची, जसं तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात. बाटली बंपरवर तिनं कधीच धरली नाही. जुन्या सुती साडीच्या घडीवर चार थेंब, घडी एकदा मिटून उघडायची म्हणजे ते सगळीकडे मुरतात, आणि मग पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात. मध्ये थांबायचं नाही. कडेला बोटाला फडकं गुंडाळून. रंगावर गेलं तर लगेच टिपायचं. मग थोडा वेळ सोडून दुसऱ्या, कोरड्या फडक्यानं जास्तीचं सगळं काढून घ्यायचं, घडी पालटत पालटत, फडक्याला काही लागेनासं होईपर्यंत. वाटलं तर दुसऱ्या दिवशी आणखी एक हात द्यायचा, तोही तितकाच पातळ.

मी शेजारी बसून बघायचे. एकदा विचारलं की एवढंसं लावून काय होणार. ती म्हणाली, "धिरड्याच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात ना, तेवढंच लागतं. हात पातळ ठेवायचा. जास्तीचं आपण लावतो ते दिसावं म्हणून."

चार-पाच दुपारींत ती गाडी अशी झाली की शोरूममधून आताच आली असं वाटावं. काळं म्हणजे भडक, ओलं काळं नाही. कोरडं, शांत काळं. बोट फिरवलं तर बोटाला काही यायचं नाही. पाऊस पडून गेला तरी पांढऱ्या दारावर एक रेघ उतरली नाही. सक्सेनासाहेब गाडी शोरूमवर सर्व्हिसिंगला घेऊन गेले तेव्हा तिथल्या मॅनेजरनं, माथुर त्यांचं नाव, हे कोणी केलं म्हणून विचारलं आणि निरोप दिला की जो कोणी असेल त्याला रविवारी सकाळी पाठवा. त्यांच्या मागच्या अंगणात विक्रीच्या नव्या गाड्या आठवडेच्या आठवडे उन्हात उभ्या असायच्या, बंपर पांढुरके पडायचे, आणि धुणारी माणसं त्यावर काहीबाही चोपडून ठेवायची. गिऱ्हाईक ताबा घ्यायला आलं की ओघळ दाखवायचं. निरोप अण्णांच्या हातात पडला. त्यांना वाटलं आपण लावलेलंच शेवटी बसलं. आईनं सांगितलं की ते मी केलंय. अण्णा म्हणाले, मग तूही चल. हे मी मुद्दाम लिहितेय. अण्णा तिथे आईचं काम आपल्या नावावर करायला निघाले नव्हते.

त्या रविवारी आम्ही तिघं मिनीबसनं गेलो. आईनं फिकट निळी साडी नेसली होती, मांडीवर धुवून वाळवलेल्या फडक्यांची पिशवी. माझ्याकडे बाटल्या. मी सोळा वर्षांची होते आणि बाटल्यांची पिशवी ओढणीखाली धरून बसले होते. शोरूम मोठी, पुढेमागे सगळी काच. आम्हाला मागच्या अंगणात पाठवलं. माथुरसाहेब अकराला येतील, तोवर ही गाडी करून ठेवा, असं सांगून कारकून निघून गेला. धुणाऱ्या माणसांमधले सगळ्यांत वयस्क रशीदचाचा म्हणून होते. आईनं त्यांना गाडी पत्र्याच्या सावलीत घ्यायला सांगितलं. अण्णा म्हणाले, काही गरज नाही, इथेच उरकू. आईनं पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच हळू आवाजात. रशीदचाचांनी अण्णांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि धुणाऱ्यांपैकी दोघांना हाक मारून गाडी ढकलून सावलीत घेतली. मग बंपर निवायची वाट बघणं आलं. आई हात लावून बघायची, नाही म्हणायची. त्या वाट बघण्यात अण्णांचा चेहरा उतरत गेला आणि ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

आईनं पदर खोचला आणि चाकापाशी उकिडवी बसली. आठ-दहा पुरुष हातातलं काम टाकून गोल उभे राहिले. बाई मोटारीचं काम करतेय हे त्यांनी पाहिलं नव्हतं. कोणी वावगं बोललं नाही, हेही खरं. उलट थोड्या वेळानं चाचांनी सगळ्यांना पिटाळलं आणि स्वतः बादलीतलं पाणी बदलून दिलं. पण मी ते पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. मी काचेकडे बघत होते. काचेच्या आत माझ्या वर्गातली एक मुलगी वडिलांबरोबर नवी गाडी बघत होती. वडील मोठे अधिकारी, चार इमलीतल्या सरकारी बंगल्यात राहणारे. तिनं मला पाहिलं, हात हलवला, आणि मग तिची नजर खाली, माझ्या आईच्या पाठीवर गेली. आईच्या पोलक्याला घामाचा डाग पडला होता, एक टाच चपलेतून बाहेर आली होती, कोपरापर्यंत हात काळे. मी दोन पावलं बाजूला सरकले.

काम झालं. आई हात धुवायला पलीकडे भिंतीच्या आडोशाला नळावर गेली. अण्णा परत आले आणि काहीतरी करायचं म्हणून पडलेलं फडकं उचलून घडी करायला लागले. तेवढ्यात माथुरसाहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग ताबा घ्यायच्या गाड्या बघायला ती मुलगी आणि तिचे वडील. माथुरांनी वाकून पाहिलं. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि बंपरवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. रुमाल पांढराच राहिला. दारांच्या पट्ट्यांखाली, कडांना, जाळीत, सगळीकडे बघून झालं. मग त्यांनी मान वर केली. समोर मी होते.

"यह किसने किया, बिटिया?"

"पापा ने," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, मला नक्की आठवतंय, आणि मग मिटलं. हातातली घडी त्यांनी आणखी एकदा दुमडली. माथुरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तांबेजी, असा हात आम्हाला हवाच होता, उद्यापासून या. रशीदचाचा बादलीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, राग नव्हता त्यात, आणि बादली उचलून चालू लागले. आई पदराला हात पुसत आली तेव्हा माथुर तिला म्हणाले, बधाई हो भाभीजी. तिनं नमस्कार केला.

परतीच्या मिनीबसमधून घराजवळ उतरल्यावर आईनं अण्णांना विचारलं, "उद्यापासून डबा लागेल ना?"

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला अण्णांची दया आली. घरी बसलेला बाप, मिटलेली खिडकी, त्यांना एकदा कोणी शाबासकी द्यावी असं माझ्या मनात आलं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही अशीच सांगितली होती आणि त्यानं माझं कौतुक केलं होतं. पण दया नंतर शोधून काढलेली आहे. त्या क्षणी मला फक्त एवढंच हवं होतं की त्या मुलीसमोर माझी आई गाड्या पुसणारी बाई ठरू नये. पुरुष पुसत असेल तर तो कारागीर. बाप कारागीर असला तर चालण्यासारखं होतं. अण्णा तेव्हा खरं बोलले असते तर मी वाचले असते. ते बोलले नाहीत, आणि त्यांना मी दोष कुठल्या तोंडानं देऊ? शब्द माझा होता, त्यांनी तो खाली पडू दिला नाही इतकंच.

नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात अण्णा ओघळ घेऊन घरी आले, म्हणजे ओघळांची बोलणी घेऊन. मग एक चिरलेला बंपर त्यांनी सायकलला बांधून आणला आणि संध्याकाळी अंगणात आई त्यांना शिकवायला लागली. ती सांगायची, कमी घ्या. ते म्हणायचे, मला रंगातलं शिकवू नकोस. ती फडकं पुढे करायची. त्यांचा हात जड होता. आयुष्यभर जाड थर देण्यात त्यांचं कौतुक झालेलं, तो हात हलका करणं त्यांना फार जड गेलं. महिना-दोन महिन्यांत बऱ्यापैकी जमलं, आणि तोवर त्यांच्या हाताखाली माणसं आली, मग स्वतः करायची वेळही कमी झाली. माणसांना शिकवायचं तर लिहून लावा असं माथुरांनी सुचवलं. आईनं एकेक पायरी सांगितली, मी तिचं हिंदी करून जाड पुठ्ठ्यावर लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. शेवटी अण्णांनी सांगितलं तसं खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव घातलं. आई लसूण सोलत होती. तिनं पुठ्ठा लांब धरून वाचला आणि एका जागी वेलांटी चुकली आहे एवढं दाखवलं.

घरात मात्र सुख आलं. हे कबूल न करणं खोटेपणाचं होईल. खिडकी पुन्हा उघडी राहायला लागली. अण्णा रविवारी सकाळी जिलेबी आणायचे, पोह्यांना नावं ठेवायचे नाहीत, आईला हाक मारताना त्यांच्या आवाजात पूर्वीचं आर्जव आलं. दिवाळीत दाल-बाफल्यांचं जेवण करून त्यांनी धुणाऱ्या सगळ्या माणसांना घरी बोलावलं. रशीदचाचा जेवून उठताना स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आईला सलाम करून आले. पुढे कधीही बाजारात, बसथांब्यावर भेटले की मला म्हणायचे, "अम्मी को हमारा सलाम कहिएगा." अण्णांची विचारपूस कधी केली नाही. तो सलाम मी एकदाही घरी पोचवला नाही.

आईचा हात थांबला तो दोन वर्षांनी. मधल्या काळात ती सक्सेनांची गाडी करून द्यायची, दुपारच्या वेळी, आवड म्हणून. सक्सेनाभाभींनी ते आपल्या ओळखीच्या एका बाईंना सांगितलं, त्या बाईंनी आणखी दोघींना. दोन घरांतून बोलावणं आलं. आईनं जेवायला वाढताना विषय काढला. ती पहिल्यांदाच काहीतरी मागत होती, आणि तिला मागण्याची सवय नसल्यामुळे तिनं ते फार लांबून आणलं. दुपारचा वेळ रिकामाच जातो, लांबही नाही, वैजूचं, म्हणजे माझं, कॉलेज पाचला सुटतं. अण्णा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते घास हातात धरून म्हणाले, "तिथे आमच्या शोरूमची गिऱ्हाइकं असतात. तुझं काम त्यांनी पाहिलं तर माझं काय राहील?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडून बसले होते, त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. बोलले नाही हे माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिनं सक्सेनाभाभींना सांगितलं की कंबर धरते, आता बसवत नाही. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

अण्णा त्या शोरूममधून निवृत्त झाले तेव्हा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ. माथुरसाहेब म्हातारे झाले होते, तरी आवर्जून बोलायला उभे राहिले. त्यांना तो रविवार चांगला आठवत होता. सांगितलं की मी विचारलं, हे कोणी केलं, आणि एवढीशी मुलगी ताठ मानेनं म्हणाली, पापा ने. त्या एका उत्तरावर मी माणूस निवडला. मग त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी आई बसली होती, तीही वाजवत होती, आणि टाळ्या थांबल्यावर सगळ्यांबरोबर तिच्याही थांबल्या. स्टेजवर अण्णा शालीची कड सारखी करत होते.

त्या दोघांमध्ये याविषयी कधी बोलणं झालं असेल तर मला ते माहीत नाही. अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते आईचा हात धरून पडलेले असायचे, पण माणसं आजारात हात धरतातच. त्यातून मी काही काढू नये.

आई आता माझ्याकडे, कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये असते. कानानं कमी ऐकते, डोळे ठीक आहेत. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी बाल्कनीत आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. खाली पार्किंगमध्ये कोणी माणूस मोठ्या गाडीच्या चाकांवरच्या काळ्या पट्टीवर भर उन्हात फवारा मारत होता. मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं की मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, त्या रविवारची, तू नळावर गेली होतीस तेव्हाची. आवाज मोठा करावा लागला. एवढ्या वर्षांनी जे बोलायचं ते असं ओरडून बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "नळ भिंतीच्या पलीकडेच होता," ती म्हणाली. "ऐकलं होतं मी."

तिनं दोन शेंगा सोलल्या, दाणे भांड्यात टाकले.

"मला वाटलं होतं, घरी आल्यावर तू मला सांगशील. रात्री सांगशील. मग तुझी परीक्षा आली. मग वाटलं, कॉलेजात गेली की सांगेल, मोठी झाली म्हणजे. ते दोन घरांचं बोलावणं आलं होतं तेव्हा तर वाटलंच होतं." तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ती दूधवाल्याच्या खाड्यांबद्दल बोलते तसंच बोलत होती. "त्यानंतर मी वाट बघणं सोडलं."

मी म्हटलं, आई, आता तरी सांगू दे.

"नको," ती म्हणाली. "आता सांगून तुला हलकं वाटेल, मला त्याचं काय करायचं? ते आता तुझ्याजवळच ठेव."

मग तिनं विचारलं की मटार उसळीला घ्यायचेत की पोह्यात. मी उसळ म्हटलं. ती भांडं घेऊन आत गेली.